अमावास्येला न पिणारा माणूस

माणसाचा हात थरथर कापायला लागला की त्याचं कारण डॉक्टरच्या आधी गल्ली ठरवते. आमच्या वडगावच्या गल्लीनं आप्पांच्या हाताचं कारण ठरवलं, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि त्या गल्लीत सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. आज हे लिहिताना दर दोन ओळींनंतर मनगट टेबलावर टेकवून थांबावं लागतं. कुणाची समजूत घालायची उमेद आता उरलेली नाही. जे झालं ते सांगून मोकळं व्हावं, इतकंच.

आप्पा म्हणजे माझे वडील. विणकर तर होतेच, पण गल्लीत त्यांची ओळख सांधणीवाले म्हणून होती. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याची टोकं तशीच राहू द्यायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडत जायचं, ही सांधणी. गाठ मारून चालत नाही, ती मागाच्या फणीत अडकते. चिमटीत राख घ्यायची आणि दोन टोकांना असा पीळ द्यायचा की ती पुन्हा वेगळी ओळखू येऊ नयेत. एका लुगड्याच्या ताण्यात असे हजारो धागे असतात. दोन-दोन दिवस मान वर करता येत नाही. सगळ्यांनाच हे थोडंफार येतं, पण आप्पांनी सांधलेला ताणा तुटत नसे. शेजारच्या शहापुरातूनही त्यांना बोलावणं यायचं. ज्या घरी सांधणी असे, तिथली बाई आधी आप्पांना पाट मांडायची आणि मग घरच्या मालकाला.

त्यांचा हात कापायला नेमका कधी लागला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं तेव्हापासून थोडा होताच, पुढे वाढला. गंमत अशी, की मांडीवर निवांत ठेवलेला हात अगदी गप्प असायचा. तांब्या उचलला, भाकरीचा तुकडा तोंडाकडे नेला, की लागला हलायला. चहा नवा नवा घरात आला तेव्हा सगळे बशीत ओतून प्यायचे आणि आप्पा मात्र पितळी वाटी दोन्ही हातांनी धरायचे. त्यांच्या आईची, म्हणजे आमच्या म्हातारीची, मान अशीच हलायची. परका माणूस आला की त्याला वाटे, ही सारखी नको-नको म्हणते आहे. ताटात वाढलं तरी नको, नमस्कार केला तरी नको. गल्ली हसायची, म्हातारीही हसायची. म्हातारीची मान आणि आप्पांचा हात एकाशेजारी एक ठेवून बघावं, हे मात्र एवढ्या शहाण्या माणसांत कुणाला सुचलं नाही.

उपाय झाले नाहीत असं नाही. कुणी म्हणालं, अंगात हिवताप मुरलाय. मग कोयनेल झालं. त्यानं आप्पांच्या कानात शीळ वाजायला लागली आणि हात होता तसाच राहिला. वैद्यानं वात म्हणून तेल दिलं. आईनं सौंदत्तीच्या देवीच्या डोंगरावरून दोरा आणून मनगटाला बांधला. हात कापे तसा तो दोराही कापायचा. एकदा सांधणी चालू असताना आप्पांच्या हातून सलग पाच-सहा धागे तुटले, आणि त्या घरच्या माणसानं दुसऱ्याला हाक मारली. त्या दिवशी आप्पा घरी येऊन जेवले नाहीत. सांधणी गेली तर आपण कोण, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि तो मला तेव्हाही कळत होता. कळत होता, हे मुद्दाम लिहितो. नकळत केलं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही.

मग काही महिन्यांनी त्यांचा हात सांधणीच्या दिवशी स्थिर व्हायला लागला. आईनं दोऱ्याला हात जोडले. पण थोड्याच दिवसांत कुणाच्या तरी नाकाला वास लागला. आप्पा सांधणीला निघायच्या आधी मागच्या वाटेनं शिंदीच्या दुकानावर जाऊन एक पेला घेऊन येत होते. देवाधर्माचं माणूस, गळ्यात माळ, आणि नव्या ताण्याला हात लावायच्या आधी शिंदी! आमच्यात नवा ताणा म्हणजे पूजेची गोष्ट. त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडतात. गल्लीला तोंड फुटायला एवढं पुष्कळ झालं. पितो म्हणूनच हात कापतो, असं ठरून गेलं. कापणं आधीचं आणि पिणं नंतरचं, हा क्रम सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेला होता. तरी तो उलटा व्हायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी बघितली होती. आमच्याकडे अमावास्येला माग बंद असतात. गल्लीतले जे काय पिणारे होते ते महिनाभर त्या दिवसाची वाट बघायचे आणि संध्याकाळपर्यंत गटारीच्या कडेला लागायचे. आप्पा अमावास्येला थेंब घेत नसत. सणावाराला नाही, जत्रेला नाही, लग्नात नाही. सांधणी असेल त्याच दिवशी, कामाला जाताना, एक पेला. काम नाही तर पिणं नाही. असा पिणारा कुणी कुठं बघितलाय? पण मी त्याचा अर्थ असा लावला, की म्हातारा मोठा हुशार, सुटीच्या दिवशी सोवळा राहून नाव राखतो.

मिठाच्या चळवळीचे ते दिवस. बेळगावात रोज मिरवणूक निघायची. मी खादीची टोपी घालून शिंदीच्या दुकानापुढे निदर्शनाला उभा राहणाऱ्या पोरांत होतो. येणाऱ्याच्या पाया पडायचं, घरच्या बायकापोरांची आठवण करून द्यायची आणि परत पाठवायचं, हे आमचं काम. मराठीत सांगायचं, नाही समजलं तर कानडीत सांगायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी आप्पा आले. मला बघून थबकले. मी बाजूला झालो नाही. रिवाजाप्रमाणे वाकलो आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या पाया पडलो. ते तसेच मागे फिरले. माझ्या बरोबरच्या पोरांनी जयजयकार केला. त्या जयजयकारानं मी इतका फुगलो होतो, की आप्पांना त्या दिवशी सांधणीला जायचं होतं हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्या दिवशी ते सांधणीला गेलेच नाहीत.

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विणकराच्या घरी मागाची पूजा असते. माग धुऊन-पुसून, धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी होडी, पाटावर ठेवून झेंडूची फुलं वाहतात. धोट्यावर हात ठेवून जे बोललं ते आमच्या गल्लीत मोडत नाहीत. कोर्टातली शपथ मोडतील, ही नाही. पूजेला गल्लीतली चार जाणती माणसं आली होती. त्यांच्यासमोर मी आप्पांना म्हणालो, की आता धोट्यावर हात ठेवून सोडल्याचं बोला. आईनं मान खाली घातली.  आप्पा अगदी हळू म्हणाले,

"मी पितो म्हणून हात कापत न्हाय रं. कापतोय म्हणून घेतोय. येकदा पावण्यानं घ्यायला लावली, तर तासभर हात थांबला. तवापासनं घेतोय. लई न्हाय घेत."

चार माणसांत कुणीतरी हसलं. मीही हसलो. प्रत्येक पिणाऱ्याकडे असं काहीतरी कारण असतंच, असं मी म्हणालो. आमच्या सभांत मला हेच शिकवलं होतं आणि मला ते पाठ होतं.  आप्पांनी पुढे होऊन धोट्यावर हात ठेवला, आणि तो हात फुलांवर कापत राहिला. दारू, शिंदी, कशालाच पुन्हा शिवणार नाही असं बोलले. पुढच्या सभेत मी हा प्रसंग स्वतः उभा राहून सांगितला. लोकांनी टाळ्या दिल्या.

आप्पांनी शपथ पाळली. शपथ पाळली म्हणजे काय झालं, ते सांगतो. दोन सांधण्या बिघडल्या. तिसरीला बोलावणं आलं नाही. शहापूरचं येणं बंद झालं. मग आपल्या मागावरही धोटा नीट फेकता येईना, काठाचे धागे तुटायला लागले. शेवटी माग माझ्या धाकट्या भावाकडे गेला आणि आप्पा उंबऱ्याजवळ रहाट घेऊन धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला बसले. आमच्याकडे कांड्या बायका आणि पोरं भरतात. वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस ते बघत जायचा. ज्या बाया त्यांना आधी पाट मांडायच्या, त्याच आता कांड्या घ्यायला पोराला पाठवायच्या. मी सगळ्यांना सांगायचो, की इतक्या दिवसांचं विष आहे, अंगातून निघायला वेळ लागणारच.

वर्ष गेलं, दोन गेली. विष काही निघेना. हात उलट जास्तच कापायला लागला. तेव्हा गल्ली म्हणाली, म्हातारा चोरून घेतो. आणि मी, पोटचा पोरगा, आप्पा बाहेर गेलेले बघून त्यांची वळकटी सोडली, ट्रंक उपसली, कोनाडे बघितले. जवळ जाऊन बोलायचं निमित्त करून तोंडाचा वास घेतला. काही सापडलं नाही, वासही आला नाही. त्यावरून ते खरं बोलत असतील असं माझ्या मनात यायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की लपवण्यात तरबेज आहेत. त्यांना सगळं कळत होतं. ट्रंकेतलं धोतर मी उलट्या घडीनं ठेवलं होतं, ते त्यांनी माझ्यासमोर पुन्हा उलगडून नीट घडी घातलं आणि आत ठेवलं. तेव्हा मला रागच आला. 

पुढे मी ट्रेनिंग करून मास्तर झालो. आधी चिकोडी, मग निपाणी. आई मधल्या काळात गेली. निपाणीत हंगामात सगळ्या गावाला तंबाखूचा ठसका बसलेला असतो. मी पान-तंबाखू कशाला कधी शिवलो नाही आणि त्याचा मला अभिमान होता. तर एका दिवशी शेजारच्या मास्तरांकडे चहाला गेलो असताना माझ्या हातातली बशी वाजायला लागली. चहा धोतरावर सांडला. गरम होता म्हणून असेल, असं मीच म्हणालो. पण मग फळ्यावरची ओळ हलायला लागली. हजेरी घेताना टाक कागदावर ठिपके पाडायला लागला. पहिल्यांदा लोकांनी तंबाखूच्या हवेवर ढकललं, मग चहावर, मग रात्रीच्या जागरणांवर. वर्षभरात व्हायचं तेच झालं. मास्तर घेतो, असं गाव म्हणायला लागलं. घेऊनसुद्धा कसा सभ्य राहतो बघा, असंही म्हणायला लागलं. एकदा हेडमास्तर बोलता बोलता माझ्या तोंडाजवळ आले आणि त्यांच्या नाकपुड्या हलल्या. मला तो श्वास ओळखीचा होता. मीही तसाच घेतला होता.

शाळेला सुटी लागल्यावर मी बेळगावात कॅम्पाकडच्या एका डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ होते, घाई नव्हती त्यांना. हात पुढे ताणून धरायला लावला, मग मांडीवर ठेवायला लावला. भरलेला पेला प्यायला दिला आणि मी पाणी सांडत असताना शांतपणे बघत राहिले. गळा चाचपला, इथली गाठ वाढली की हात कापतो, माणूस वाळतो आणि डोळे मोठे दिसतात, असं म्हणाले. माझी वाढलेली नव्हती. सोनारकाम केलंय का, पाऱ्याचा धूर घेतलाय का, हे विचारलं. मुलामा देणाऱ्यांचे हात त्यानं जातात म्हणे. कोयनेल, चहा, तंबाखू, दारू, सगळं विचारलं. म्हातारपणाचा जो कंपवात असतो तो हात रिकामा असताना जास्त दिसतो आणि कामाला लावला की कमी होतो. तुमचं उलटं आहे, म्हणाले. मग विचारलं, घरात आणखी कुणाला?

मी म्हातारीची मान सांगितली. वडिलांचा हात सांगितला. आणि सवयीनं पुढे जोडलं, की पण वडील प्यायचे.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"नाही. कामाच्या दिवशी."

"आणि सुटीच्या दिवशी?"

"थेंबसुद्धा नाही," मी म्हणालो, आणि आप्पांच्या अमावास्येचा अर्थ मला तिथं लागला.  हा घराण्यातून येणारा कंप, त्यांनी सांगितलं. यानं माणूस मरत नाही आणि याला खात्रीचं औषधही नाही. दारूचा एखादा घोट घेतला तर तास-दोन तास हात थांबतो. ते औषध म्हणून मी कुणाला देणार नाही, पण तुमच्या वडिलांना ते आपलं आपण सापडलं असेल. मग टाकानं वहीत काहीतरी लिहायला लागले. मी खुर्चीतच बसून राहिलो. पुढचा रोगी आत आला तेव्हा उठलो.

कॅम्पातून वडगावपर्यंत चालत आलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. मास्तर माणूस, वाक्यं जुळवायची सवय. दुपारची वेळ होती. भाऊ आत मागावर होता. आप्पा उंबऱ्याजवळ कांड्या भरत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि जुळवलेलं सगळं विसरून एका दमात सांगून टाकलं, की डॉक्टर असं म्हणाला, तुम्ही त्या दिवशी बोललात ते खरं होतं, दारूनं हात कापत नव्हता, दारूनं थांबत होता. माझं चुकलं. शपथ मोडल्याचा दोष असेल तो माझ्या डोक्यावर. मी स्वतः जाऊन शिंदी आणून देतो, उद्यापासून पुन्हा सांधणीला जा. गल्लीला मी सांगतो.

आप्पांनी रहाट थांबवला. मला वाटलं ते रडतील, किंवा मला शिव्या घालतील. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"हात थांबंल," ते म्हणाले. "पर डोळं गेल्यात माझं. धागा दिसत न्हाय आता."

इतक्या वर्षांत ते मी बघितलंच नव्हतं. हातातली कांडी ते चाचपून भरत होते. मी काहीतरी बोलायला गेलो, पण त्यांचं लक्ष त्या बोलण्याकडे नव्हतं. ते दुसऱ्याच गोष्टीवर अडले होते.

"तू डाक्टरकडं कशाला गेलतास?"

मी हात पुढे केला. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिन्ही हात हलत होते, त्यात कुणाचा किती ते कळत नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मी घ्यायला लावलेल्या शपथेनंही तो कधी इतका उतरला नव्हता. कवापासनं, त्यांनी विचारलं. आधी उजवा का डावा? मी उजवा म्हणालो. माजाबी उजवाच, असं ते म्हणाले.

मग ते मला शिकवायला लागले. पेला अर्धाच भरून घ्यायचा. चारचौघांत जेवायला बसलास तर घट्ट ते आधी खा, पातळ सगळे उठल्यावर. लिहिताना कोपर अंगाला टेकव, खडू टोकाकडं धरू नको. कुणी बघतंय असं वाटलं की जास्त कापतो, तवा बघणाऱ्याकडं बघायचंच न्हाय. इतक्या वर्षांत त्यांनी एकट्यानं शोधलेल्या युक्त्या होत्या त्या, आणि यातली एकही मी कधी बघितली नव्हती. मी मान हलवत ऐकत होतो. त्यांच्या माफीसाठी आलो होतो, आणि ती मागितली होती हेसुद्धा त्यांच्या लक्षात नसावं.

आतून मागाचा आवाज थांबला. भावाची कांडी संपली असणार, कारण आप्पांनी घाईनं एक भरलेली कांडी चाचपून उचलली आणि माझ्याकडे दिली. ती घेऊन मी उठलो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"लोक तुलाबी म्हणतील," ते म्हणाले. "म्हणू दे. पर कुणी कितीबी मोठ्यानं म्हटलं, तरी त्याच्या म्हणण्यावरनं शपत घेऊ नगंस."